माशीचा विषाणू अभ्यासून माणसाच्या रोगाचे काय कळते?

डेंग्यू, चिकुनगुनिया किंवा झिका यांची साथ बातम्यांत आली की चर्चा साचलेले पाणी, धूरफवारणी आणि लस यांभोवती फिरते. त्याच सुमारास कुठेतरी असेही वाचायला मिळते की एका विषाणुशास्त्रज्ञाने फळमाशीला होणाऱ्या किंवा गवताच्या मुळांवर जगणाऱ्या अळीला होणाऱ्या विषाणूवर आपली उमेदीची वर्षे घालवली, आणि त्या कामासाठी त्याला मोठा निधीही मिळाला. ज्या विषाणूने आजवर एकाही माणसाला अंथरुणाला खिळवलेले नाही त्याच्यावर एवढी मेहनत कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. या प्रश्नाला 'मूलभूत संशोधन महत्त्वाचे असते' हे ठरीव उत्तर देऊन भागत नाही. कीटकांचे विषाणू आणि माणसांचे विषाणू यांच्यात नेमके काय सारखे आहे आणि काय वेगळे आहे, हे पाहिल्यावरच त्याचे उत्तर मिळते.

विषाणू पेशीत जाऊन काय करतो

प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते आणि पेशीतली बहुतेक कामे प्रथिने करतात. कोणते प्रथिन कसे बनवायचे याची सूचना आनुवंशिक मजकुरात लिहिलेली असते. हा मजकूर पेशीत डीएनए या रेणूच्या रूपात जपून ठेवलेला असतो आणि कामापुरती त्याची नक्कल आरएनए या दुसऱ्या रेणूच्या रूपात काढली जाते. विषाणूजवळ मात्र पेशी नसते. प्रथिनांच्या कवचात गुंडाळलेला थोडासा डीएनए किंवा आरएनए एवढेच त्याचे भांडवल असते. काही विषाणूंवर आणखी एक स्निग्ध आवरण असते, पण बाहेर पडून राहिलेला विषाणू खात नाही, वाढत नाही आणि स्वतःची प्रतही काढू शकत नाही.

एखाद्या मोठ्या कचेरीची कल्पना केली तर पुढचा भाग समजायला सोपा जाईल. टपालाने आलेला कागद ठरलेल्या नमुन्यात असेल, त्यावर शिक्का असेल आणि तो योग्य टेबलावर पोहोचला असेल, तर तो मुळात कोणी पाठवला याची चौकशी न करता कारकून त्यावर कार्यवाही करतो. विषाणू म्हणजे असा बनावट कागद आहे आणि त्याचा मजकूर एवढाच आहे की या कागदाच्या हजारो प्रती काढा आणि शेजारच्या कचेऱ्यांना पाठवा. कागद, शाई, यंत्रे, वीज आणि माणसे सगळी कचेरीचीच वापरली जातात.

या व्यवस्थेतून दोन वेगळे प्रश्न निघतात आणि पुढचे सर्व विवेचन त्यांवरच उभे आहे. कागद दारातून आत कसा शिरतो, हा पहिला प्रश्न. आत गेल्यावर त्याच्या प्रती कशा निघतात आणि त्या निघू नयेत म्हणून कचेरी काय करते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्राण्यागणिक, कित्येकदा एकाच शरीरातल्या पेशीगणिकही बदलते. दुसऱ्याचे उत्तर मात्र माशी, डास, उंदीर आणि माणूस यांच्यात थक्क व्हावे इतके मिळतेजुळते निघते, कारण पेशीची मूळ घडण या सर्वांमध्ये फार जुन्या पूर्वजांकडून आलेली आहे.

पहिला ज्ञात मानवी विषाणू डासातलाही होता

मानवी विषाणू आणि कीटक यांचा संबंध विषाणुशास्त्राच्या आरंभापासूनचा आहे. पीतज्वर डासामुळे पसरतो असा विचार क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी 1881 मध्ये मांडला होता, पण जवळजवळ वीस वर्षे त्याकडे फारसे कोणी गंभीरपणे पाहिले नाही. 1898 मध्ये हेन्री रोज कार्टर या अमेरिकी डॉक्टरला मिसिसिपीमधील वस्त्यांची पाहणी करताना असे आढळले की एखाद्या घरात पहिला रुग्ण आल्यानंतर पुढचे रुग्ण लगेच न दिसता दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. रोग थेट माणसाकडून माणसाला लागत असता तर मधला हा रिकामा काळ समजण्यासारखा नव्हता.

1900 मध्ये अमेरिकी लष्करातील डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या आयोगाने हवाना येथे केलेल्या प्रयोगांनी फिनले यांचे म्हणणे खरे ठरवले. त्या कामादरम्यान आयोगाचे सदस्य जेसी लॅझियर पीतज्वरानेच मरण पावले. पुढे 1901 मध्ये रुग्णाच्या रक्तातील द्रव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून दिला तरी रोग होतो, हेही दिसले. माणसाला विषाणूमुळे होणारा म्हणून ओळखला गेलेला हा पहिला रोग होता. मानवी विषाणूंचा अभ्यास सुरू झाला तोच अशा विषाणूपासून, जो आपले अर्धे आयुष्य कीटकाच्या शरीरात काढतो.

अशा विषाणूंना शास्त्रज्ञ आर्बोव्हायरस म्हणतात. या लेखात त्यांना 'वाहकजन्य विषाणू' म्हटले आहे. डेंग्यू, झिका, चिकुनगुनिया आणि पीतज्वर यांचे विषाणू याच गटातले आहेत.

डासाच्या आतला प्रवास

डास म्हणजे उडती सुई, हा समज खूप पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कार्टरना दिसलेला रिकामा काळ याच समजाला छेद देतो. डेंग्यूच्या रुग्णाचे रक्त प्यायलेली एडिस इजिप्ती जातीची मादी दुसऱ्या दिवशी कोणाला चावली तर त्या माणसाला डेंग्यू होत नाही. विषाणू तिच्या लाळेत उतरायला साधारण 8 ते 12 दिवस लागतात आणि हवा थंड असेल तर त्याहून अधिक.

या दिवसांत बरेच काही घडते. रक्ताबरोबर पोटात गेलेल्या विषाणूला ते रक्त पचून जाण्याआधी आतड्याच्या अस्तरातील पेशींमध्ये शिरावे लागते. तिथे प्रती काढून झाल्यावर त्याच पेशींच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडून शरीरातल्या द्रवात मिसळावे लागते. त्यानंतर लाळग्रंथींच्या पेशींत शिरायचे, तिथेही वाढायचे आणि शेवटी लाळेत उतरायचे. प्रत्येक टप्प्यावर विषाणू अडू शकतो. आतड्यात भरपूर वाढलेला पण तिथून पुढे कधीच न गेलेला विषाणू प्रयोगशाळेत वारंवार पाहायला मिळतो. अशी मादी बाधित असते, पण तिच्या चाव्याने कोणालाही रोग होत नाही.

याचा साथींशी संबंध अगदी थेट आहे. मादी डास साधारण दोन ते चार आठवडे जगते. त्यातले पहिले काही दिवस रुग्णाचे रक्त मिळण्यात आणि पुढचे आठ-बारा दिवस विषाणूच्या प्रवासात जातात, त्यामुळे रोग पसरवण्याइतक्या वयाच्या माद्या एकूण संख्येच्या मानाने थोड्याच उरतात. म्हणून डासांचे सरासरी आयुष्य थोडे जरी घटले तरी साथीवर होणारा परिणाम त्या घटीच्या मानाने कितीतरी मोठा असतो. उष्ण हवेत विषाणूचा प्रवास लवकर पुरा होतो, आणि तापमानवाढीची चर्चा करताना विषाणुशास्त्रज्ञ डासांच्या संख्येइतकेच या वेगाकडेही लक्ष देतात ते याचमुळे.

मग डासाने एचआयव्ही का पसरत नाही

रक्त पिणारा डास रक्तातला कोणताही विषाणू पसरवेल, ही भीती वरील वर्णनानंतर आपोआप दूर व्हायला हवी. एचआयव्हीला माणसाच्या ज्या पेशींत शिरायचे असते त्यांच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने असतात आणि डासाच्या आतड्यातील पेशींवर ती नसतात. दारच न मिळाल्याने हा विषाणू रक्ताबरोबर पचून जातो. शिवाय डासाच्या सोंडेत रक्त ओढण्याची नळी आणि लाळ सोडण्याची नळी वेगवेगळ्या असतात. चावताना तो आधी प्यायलेले रक्त पुढच्या माणसात सोडत नाही, फक्त लाळ सोडतो. कोरोनाविषाणूच्या साथीतही हीच शंका पुन्हा वर आली होती आणि तिचे उत्तरही असेच आहे.

डासाला स्वतःला ताप का येत नाही

डेंग्यूचा विषाणू माणसाला आठवडाभर झोपवतो, आणि डास मात्र तोच विषाणू मरेपर्यंत अंगात बाळगून उडत राहतो. सहसा त्याच्यावर फारसा परिणाम दिसत नाही. कीटकांकडे आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात, म्हणजे एकदा भेटलेल्या शत्रूला ओळखून चिकटणारी प्रथिने त्यांच्या शरीरात तयार होत नाहीत. तरीही विषाणू मर्यादेत राहतो. तो कसा, हे शोधण्यात कीटक-विषाणूंवर काम करणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

बहुतेक वाहकजन्य विषाणूंचा मजकूर आरएनएच्या एकेरी धाग्यावर असतो. त्याची प्रत काढताना काही काळ मूळ धागा आणि उलटी प्रत एकमेकांना चिकटून दुहेरी होतात. निरोगी पेशीत एवढा लांब दुहेरी आरएनए क्वचितच आढळतो. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर मूळ पत्र आणि त्याची कार्बन प्रत अजून एकमेकांना चिकटलेली असतानाच पकडली जाते, आणि इतक्या लांबलचक पत्राच्या प्रती इथे एरवी कोणी काढत नसल्याने संशय बळावतो. डायसर नावाचे प्रथिन हा दुहेरी धागा ओळखते आणि त्याचे 21 अक्षरांचे बारीक तुकडे करते. हे तुकडे आर्गोनॉट नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या हाती नमुना म्हणून दिले जातात, आणि ते प्रथिन पेशीभर फिरून त्या नमुन्याशी जुळणारा प्रत्येक आरएनए कापत सुटते. या व्यवस्थेला 'आरएनए हस्तक्षेप' म्हणतात. दुहेरी आरएनएमुळे जनुके कशी गप्प होतात हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीत दाखवले आणि त्याबद्दल त्यांना 2006 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्राण्यांमध्ये ही यंत्रणा खरोखर विषाणूविरुद्ध वापरली जाते याचा स्पष्ट पुरावा 2002 मध्ये फळमाशीच्या पेशींतून मिळाला आणि तो देणारा होता गवताची मुळे खाणाऱ्या अळीतला फ्लॉक हाउस विषाणू. हा विषाणू बी-2 नावाचे एक छोटे प्रथिन बनवतो. ते दुहेरी आरएनएला लपेटून बसते आणि डायसरला त्याच्यापर्यंत पोहोचू देत नाही. बी-2 काढून टाकलेला विषाणू पेशीत टिकत नाही. पण त्याच पेशीतली कापणी करणारी व्यवस्था बंद केली की तोच दुबळा विषाणू पुन्हा जोमाने वाढतो. हल्ला आणि बचाव या दोन्ही बाजू एकाच प्रयोगात उघड झाल्या.

पुढचा प्रयोग अधिक बोलका होता. सिंडबिस या डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूमध्ये फ्लॉक हाउस विषाणूचे बी-2 प्रथिन बसवले आणि तो एडिस इजिप्ती डासांना दिला, तेव्हा एरवी निवांत राहणारे डास मोठ्या संख्येने मेले. डास टिकतात ते त्यांची कापणीची व्यवस्था विषाणूला मर्यादेत ठेवते म्हणून, आणि वाहक जिवंत राहतो म्हणूनच विषाणू पुढच्या माणसापर्यंत पोहोचतो. म्हणजे डासाची प्रतिकारशक्ती हा आपल्या रोगाच्या प्रसाराचाच एक भाग आहे. मेलेला डास कोणाला चावत नाही.

माणसाच्या पेशीतही डायसर आणि आर्गोनॉट आहेत, पण विषाणूविरुद्ध आपला मुख्य भर 1957 मध्ये शोध लागलेल्या इंटरफेरॉन या संदेशवाहक प्रथिनांवर असतो. सस्तन प्राण्यांत आरएनए हस्तक्षेप विषाणूविरुद्ध कितपत कामी येतो यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. उपचारासाठी मात्र ही यंत्रणा वापरात आली आहे: बाहेरून बारीक आरएनए देऊन एखादे अपायकारक प्रथिन बनणे थांबवणारे पहिले औषध, पॅटिसिरॅन, 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

गवताच्या अळीतला एक लहान विषाणू

फ्लॉक हाउस विषाणू न्यूझीलंडमध्ये गवताची मुळे खाणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळीत सापडला आणि त्याला नाव मिळाले ते तिथल्या एका ठिकाणावरून. त्याचा सगळा आनुवंशिक मजकूर आरएनएच्या दोन तुकड्यांवर मिळून सुमारे साडेचार हजार अक्षरांत मावतो. कोरोनाविषाणूचा मजकूर याच्या सहा पटींहून मोठा असतो. प्रती काढणारे एक प्रथिन, कवचाचे एक प्रथिन आणि वर उल्लेखलेले बी-2, एवढ्यावर त्याचा मुख्य कारभार चालतो.

एवढे थोडे सामान असल्यामुळेच तो अभ्यासाला सोयीचा आहे. मोठ्या विषाणूतले एखादे प्रथिन बदलले तर झालेला परिणाम नेमका कशामुळे झाला हे ठरवणे अवघड जाते, तर इथे संशय घ्यायला जागाच थोड्या असतात. दुसरी सोय याहून विलक्षण आहे. विषाणूचे दाराशी असलेले नाते बाजूला ठेवून त्याचा आरएनए थेट पेशीच्या आत सोडला, तर तो कीटकाच्या पेशीत वाढतो, वनस्पतीच्या पेशीत वाढतो, सस्तन प्राण्याच्या पेशीत वाढतो आणि किण्व म्हणजे यीस्टच्या पेशीतही वाढतो. यीस्टमधला हा प्रयोग विस्कॉन्सिन विद्यापीठातील पॉल आल्क्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केला. यीस्टची जनुके एकेक करून बंद करणे सोपे असल्याने विषाणूला पेशीतली कोणती प्रथिने लागतात, हे तपासण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. प्रती काढण्याचे काम किती सार्वत्रिक स्वरूपाचे आहे, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

हा विषाणू प्रती कुठे काढतो हे पाहताना आणखी एक गोष्ट समजली. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांच्या बाह्य पटलात तो हजारो सूक्ष्म पोकळ्या तयार करतो आणि त्यांच्या आत बसून आपला आरएनए वाढवतो, जेणेकरून दुहेरी धागा पेशीच्या पहारेकऱ्यांच्या नजरेस पडू नये. प्रत्येक पोकळीला एक अरुंद तोंड असते. अतिशय थंड तापमानात गोठवलेले नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या कोनांतून पाहून 2017 मध्ये असे दिसले की या तोंडावर विषाणूच्या प्रथिनाचे बारा भागांचे, मुकुटासारखे कडे बसवलेले असते.

अळीच्या विषाणूतले कडे म्हणून ही नोंद कदाचित तिथेच थांबली असती. पण 2020 मध्ये उंदरांना होणाऱ्या एका कोरोनाविषाणूच्या पोकळ्यांवर सहा भागांची सममिती असलेली मुकुटासारखी रचना आढळली आणि 2021 मध्ये चिकुनगुनिया विषाणूच्या एका प्रथिनाचे बारा भागांचेच कडे बनते असे दिसून आले. हे तीन विषाणू परस्परांपासून दूरच्या कुळांतले आहेत. तरी पटलात पोकळी करायची, तिच्या तोंडावर प्रथिनांचे कडे बसवायचे आणि तयार झालेला नवा आरएनए तिथून बाहेर सोडायचा, ही पद्धत तिघांतही दिसते. असे कडे निकामी करणारे औषध अजून बाजारात आलेले नाही, परंतु विषाणूचा एवढा मोक्याचा भाग औषधासाठी लक्ष्य ठरू शकतो ही कल्पना आता गांभीर्याने घेतली जाते.

कीटकांचे बहुतेक विषाणू आपल्यापर्यंत का येत नाहीत

एवढे साम्य असेल तर कीटकांचे असंख्य विषाणू माणसाला का होत नाहीत, ही रास्त शंका आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 220 हून अधिक अपृष्ठवंशी जातींमधून 1,445 विषाणू नोंदवले गेले. त्यातल्या बहुसंख्यांचा माणसाशी संबंध आल्याचे काहीही दिसत नाही.

काही वेळा अडचण दाराशीच असते. एडिस इजिप्तीच्या पेशींमध्ये 1975 मध्ये सापडलेला 'सेल फ्यूजिंग एजंट' हा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला आहे, पण पृष्ठवंशी प्राण्यांच्या पेशींत तो वाढतच नाही. इस्रायलच्या नेगेव वाळवंटातील डासांत मिळालेला आयलाट विषाणू चिकुनगुनियाचा नातेवाईक असूनही फक्त कीटकांपुरता मर्यादित आहे, आणि त्याला तर दार आणि प्रती काढणे या दोन्ही ठिकाणी अडथळा येतो.

अळ्यांना होणाऱ्या बॅक्युलोव्हायरसची गोष्ट निराळी आहे. हा डीएनए असलेला विषाणू प्रथिनांच्या टणक स्फटिकात बंद होऊन पानावर पडून राहतो. अळीच्या पोटात अतिशय अल्कधर्मी रस असतो, त्यात तो स्फटिक विरघळतो आणि विषाणू मोकळा होतो. प्रयोगशाळेत हा विषाणू मानवी यकृताच्या पेशींतही शिरू शकतो, हे 1995 मध्ये दिसले, पण आत शिरूनही तिथे त्याच्या प्रती निघत नाहीत. कागद टेबलापर्यंत पोहोचला, परंतु त्या टेबलावरच्या कोणालाही त्याचा नमुना ओळखता आला नाही.

ही सीमा अभेद्य मात्र नाही. जपानमधील नोदामुरा या ठिकाणच्या डासांत 1956 मध्ये मिळालेला नोदामुरा विषाणू फ्लॉक हाउस विषाणूचा जवळचा नातेवाईक आहे, आणि तो कीटकांबरोबर उंदरांच्या नवजात पिल्लांनाही बाधतो. एकाच कुळातले दोन भाऊ, त्यांतला एक सीमा ओलांडतो आणि दुसरा ओलांडत नाही. असा फरक कुठे दडला आहे हे शोधण्यासाठी विषाणुशास्त्रज्ञाला याहून सोयीची जोडी मिळणे कठीण.

एका अमिनो आम्लाने केलेला फरक

सीमा नेहमी माणसाच्याच बाजूने ओलांडली जाते असेही नाही. 2005–06 मध्ये हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर चिकुनगुनियाची प्रचंड साथ आली आणि सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या आजारी पडली. या बेटावर एडिस इजिप्ती डास फारसे नाहीत. तिथे मुख्यतः एडिस अल्बोपिक्टस हे दुसऱ्या जातीचे डास आहेत, ज्यांच्यात हा विषाणू तोवर तितकासा चांगला वाढत नसे. विषाणूच्या आवरणावरील ई-1 या प्रथिनात 226 व्या जागेवर अ‍ॅलानिन या अमिनो आम्लाऐवजी, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एका मण्याऐवजी, व्हॅलिन हा दुसरा मणी आला आणि या नव्या डासाच्या आतड्यात शिरणे विषाणूला सोपे झाले. हाच बदल पुढे इतर प्रदेशांत स्वतंत्रपणेही आढळला.

रुग्णाच्या दृष्टीने पाहता विषाणूत काही बदलले आहे असे जाणवलेही नसते. ताप तोच आणि सांधेदुखीही तीच. बदल झाला होता तो डासाच्या बाजूने. माणसाच्या रक्तातील विषाणूवरच नजर ठेवणाऱ्याला साथीचे खरे कारण सापडले नसते.

असे संशोधन धोक्याचे नाही का

विषाणूंमध्ये बदल करण्याची भाषा ऐकली की भीती वाटते आणि ती सरसकट हसण्यावारी नेणे योग्य नाही. माणसाला बाधणाऱ्या विषाणूची संसर्गक्षमता वाढवणाऱ्या प्रयोगांवर कडक निर्बंध असावेत, असे मलाही वाटते. पण कीटकांपुरत्या मर्यादित विषाणूंवरचे काम नेमके त्या धोक्याला पर्याय म्हणून उभे आहे. प्रती काढण्याच्या यंत्रणेचा अभ्यास फ्लॉक हाउस विषाणूवर साध्या सुरक्षिततेच्या प्रयोगशाळेत करता येतो. तोच अभ्यास घातक मानवी विषाणूवर करायचा तर बंदिस्त हवेची, विशेष पोशाखाची आणि भरपूर खर्चाची प्रयोगशाळा लागते.

लसींच्या बाबतीत तर कीटकांपुरते मर्यादित असणे हाच गुण ठरला आहे. आयलाट विषाणूवर चिकुनगुनियाच्या आवरणाची प्रथिने चढवून बनवलेली प्रायोगिक लस 2017 मध्ये उंदरांत आणि माकडांत एकाच मात्रेत संरक्षण देताना दिसली. बाहेरून हा विषाणू चिकुनगुनियासारखा दिसतो, पण पृष्ठवंशी प्राण्याच्या पेशीत वाढूच शकत नाही. बॅक्युलोव्हायरसचा उपयोग तर कधीच कारखान्यापर्यंत पोहोचला आहे. 1983 मध्ये टेक्सासमधील गेल स्मिथ आणि मॅक्स समर्स यांनी या विषाणूत हवे ते जनुक बसवून कीटकांच्या पेशींकडून हवे ते प्रथिन बनवून घेण्याची पद्धत दाखवली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी सर्व्हारिक्स, इन्फ्लुएंझाची फ्लुब्लॉक आणि कोविडविरुद्धची नोव्हावॅक्स या लसींमधील प्रथिने पतंगवर्गीय कीटकांच्या पेशींतच तयार होतात. ते प्रथिन पुढे शुद्ध करून घेतले जाते, त्यामुळे 'लसीतून किडा टोचतात' ही समाजमाध्यमांवरची ओरड निराधार आहे.

माशीच्या पिंजऱ्यातून निघालेला डेंग्यूवरचा उपाय

सर्वांत ठोस फळ अनपेक्षित दिशेने आले. वोल्बाकिया हे कीटकांच्या पेशींत राहणारे आणि मादीकडून अंड्यांत उतरणारे जिवाणू आहेत. ते 1924 पासून माहीत आहेत. 2008 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी असे दाखवले की ज्या फळमाश्यांमध्ये वोल्बाकिया असतात त्यांच्यात काही आरएनए विषाणूंचा जोर ओसरतो. या प्रयोगांतले विषाणू माशीला मारणारे होते आणि फ्लॉक हाउस विषाणूही त्यांत होता. डेंग्यूचा तिथे संबंधही नव्हता.

एडिस इजिप्ती डासांमध्ये निसर्गतः वोल्बाकिया नसतात. त्यांच्या अंड्यांत अत्यंत बारीक सुईने हे जिवाणू सोडल्यावर अशा डासांत डेंग्यूचा विषाणूही नीट वाढत नाही, हे पुढच्याच वर्षी दिसले. हे जिवाणू डासांमध्ये आपोआप पसरतात, कारण जिवाणू असलेल्या नराशी जिवाणू नसलेल्या मादीचा संयोग झाला तर तिची अंडी उबत नाहीत, तर जिवाणू असलेल्या मादीची अंडी नर कोणताही असला तरी उबतात. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातील केर्न्सजवळ असे डास मोकळे सोडण्यात आले. इंडोनेशियातील योग्यकार्ता शहराचे भाग पाडून, चिठ्ठ्या टाकून काहींत डास सोडायचे आणि काहींत नाही, अशी चाचणी झाली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार डेंग्यूचे प्रमाण 77 टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 86 टक्क्यांनी घटले.

यावरचे आक्षेपही ऐकण्यासारखे आहेत. केर्न्स आणि योग्यकार्ता येथे वापरलेला वोल्बाकियाचा प्रकार सततच्या कडक उष्णतेत डासाच्या शरीरात कमी होत जातो, त्यामुळे डासांच्या अळ्या ज्या पाण्यात वाढतात ते पाणी ज्या प्रदेशांत उन्हाने फार तापते तिथे वेगळा, उष्णता सहन करणारा प्रकार वापरावा लागतो. डेंग्यूचा विषाणू कालांतराने वोल्बाकियाला सरावेल का, हा दुसरा आक्षेप आहे. रेयुनियाँच्या अनुभवानंतर तो कोणी हलक्यात घेत नाही, आणि म्हणून डास सोडून झालेल्या भागांत रुग्णांची संख्या मोजण्याबरोबरच डासांतील जिवाणूंचे प्रमाण आणि फिरत असलेल्या विषाणूचा आनुवंशिक मजकूर यांवरही वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते.